गाडी कुठे न्यायची आहे?

"मॅडम, सुरुवात मी दणक्यात करतो, पण पुढे टिकतच नाही."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता समोरचा माणूस 'सुरुवात' म्हणाला की पुढचं मला पाठ असतं. पीएच.डी.च्या चौथ्या प्रकरणाशी अडलेली प्राध्यापिका, गावचा वाडा उकलून ठेवून दोन पावसाळे ताडपत्रीवर काढलेले काका, निवृत्तीनंतर तबला शिकायला घेतलेल्या आजी. प्रत्येकाचं स्वतःबद्दलचं निदान एकच असतं: माझा स्वभावच धरसोडीचा. या सगळ्यांना मी एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मनातल्या मनात मी त्यांना 'फियाटवाले' म्हणते.

फियाटवाले माझ्याकडे आले 2023 च्या दिवाळीच्या आसपास. खरं तर बायकोने पाठवलं. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी गेल्याची बातमी नुकतीच आली होती, आणि ती बघितल्यापासून हे दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. वय चोपन्न, भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकावर माल परत पाठवणारा माणूस. हे मी तेव्हाच वहीत ठळक लिहून ठेवलं, आणि पुढे तेच कामाला आलं.

गाडी वडिलांची. 1974 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'फियाट', कुर्ल्याच्या कारखान्यातली. 1089 सीसी इंजिन, गिअर स्टेअरिंगला, पुढची सीट एकसलग, त्यामुळे पुढे तिघं बसायचे आणि मधल्याच्या गुडघ्याला गिअरचा त्रास नाही. वडील गेल्यावर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभीच होती. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये यांनी ती खोलली. कोणीतरी सांगितलं होतं की करायची तर पूर्ण खोलून करा. म्हणून पूर्ण खोलली. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या. पुढे रंग खरवडल्यावर तळाचा पत्रा सडलेला निघाला, डेंटरने तो कापून टाकला, नवा बसवण्याआधीच तो गावी गेला. बंपर क्रोमला दिले ते सात महिने आले नाहीत. सुट्ट्या भागांसाठी रविवारी पुण्याचा जुना बाजार, महिन्यातून एकदा कुर्ल्याचे भंगारवाले. असं साडेतीन वर्षं. आणि आता आठ महिने गाडीवरचं कव्हरसुद्धा उचललेलं नव्हतं. शेजारी "काय, कधी फिरवताय?" विचारतात म्हणून स्कूटर मागच्या गेटने काढायचे.

आधी माझी चूक सांगते. मी त्यांना वेळापत्रक दिलं. रोज एक तास, रविवारी तीन. त्यांनी त्याचा रंगीत तक्ता केला, दहा दिवस पाळला, आणि तिसऱ्या आठवड्यात आलेच नाहीत. नापास व्हायला मी त्यांना आणखी एक विषय दिला होता.

परत आले तेव्हा मी तक्त्याचं नाव काढलं नाही.

"कव्हर उचललं की मनात पहिलं काय येतं?"

"एकशे त्रेचाळीस."

"म्हणजे?"

"एवढी कामं राहिलीत. यादी आहे माझ्याकडे."

"आणि झालेली किती?"

"झालं की मी ते खोडून यादी नव्याने लिहितो. स्वच्छ."

मी काही बोलले नाही. त्यांनीच थोड्या वेळाने हातातली वही मिटली. साडेतीन वर्षांत या माणसाने काय केलं याचा एकही पुरावा त्याच्या घरात नव्हता, जे राहिलं त्याचा मात्र रोज नव्याने लिहिलेला होता. धरसोडीचा माणूस एकच यादी इतक्यांदा स्वच्छ अक्षरात लिहील का?

"माझा उत्साह संपलाय" असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मी उत्साहाकडे बघतच नाही. तो कामाच्या आधी येतो ही मुळात चुकीची समजूत. बहुतेक वेळा तो कामाला हात लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी येतो, आणि कधीकधी येतही नाही, तरी काम होतं. मी बघते ते माणूस कामाजवळ गेल्यावर स्वतःशी काय बोलतो ते. थकवा पान्याने येत नाही. "एकशे त्रेचाळीस" या शब्दाने येतो.

मी समुपदेशनाच्या विवेकनिष्ठ पद्धतीत वाढले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली. तिचा गाभा असा की माणसाला घटना जेवढी छळत नाही, तेवढी त्या घटनेकडून त्याने केलेली मागणी छळते. इंग्रजीत ही मागणी पकडायला अख्खा शब्द लागतो. मराठीत एक अक्षर पुरतं, 'च'. मी समोरच्याच्या बोलण्यातले 'च' वहीत मोजते, ही माझी जुनी खोड. फियाटवाल्यांचे तीन निघाले. गाडी ओरिजिनलच हवी. 2024 संपायच्या आतच हवी. आणि सगळं माझ्याच हातून व्हायला हवं.

"2024 कशासाठी?"

मग ते खुलले. 2021 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते, दहा वर्षांसाठी. त्यांच्या गाडीची पन्नाशी 2024 मध्ये. म्हणून प्रत्येक स्क्रू त्या काळचा हवा, डॅशबोर्डचं घड्याळ त्या काळचं हवं. त्या घड्याळासाठी ते चार वेळा मुंबईला गेले होते.

मला गाड्यांमधलं काही कळत नाही, आणि त्या दिवशी त्याचा फायदा झाला. मी साधाच प्रश्न विचारला.

"त्या पाटीवर गाडी कुठे कुठे नेता येते?"

"प्रदर्शन, रॅली. पेट्रोल भरायला, दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही."

"आणि तुम्हाला कुठे न्यायची आहे?"

ते थांबले. खूप वेळ. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. अशा वेळी नवे समुपदेशक बोलून बसतात. मीही पहिली काही वर्षं बोलून घाण केली आहे. आता गप्प बसता येतं.

"जेजुरीला," ते म्हणाले.

मग एकदम सगळं आलं. खंडोबा कुलदैवत. वर्षातून दोनदा जायचं. दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की गाडी हमखास तापायची. बाबा बॉनेट उघडून ठेवायचे, कळशीत पाणी असायचंच, आणि इंजिन थंड होईपर्यंत सगळ्यांनी कडेला बसून डबा उघडायचा. परतीला सासवडचे अंजीर. डाव्या मागच्या दाराचं लॉक गेलेलं, ते सुतळीने बांधलेलं. काच वर राहावी म्हणून घडी घातलेला पुठ्ठा.

"बाबांनी कधी दुरुस्त नाही केलं ते लॉक?"

"नाही. सेकंडहँड घेतलेली त्यांनी, 1981 ला. चालत होती ना." आणि मग स्वतःशीच, "ती शोरूमची गाडी मी कधी बघितलेलीच नाही."

मी त्या दिवशी आणखी काही विचारलं नाही. विचारायचं राहिलंच नव्हतं.

पुढच्या वेळी त्यांनी यादी आपणहून नव्याने मांडून आणली होती. जेजुरीला जाऊन सुखरूप परत यायला काय लागेल? एकतीस कामं निघाली. ब्रेक, टायर, रेडिएटर, कार्बोरेटर, तळाचा पत्रा, दिवे, वायपर. घड्याळ, छताचं अस्तर, क्रोम हे दुसऱ्या पानावर, 'परत आल्यावर' या मथळ्याखाली. पत्र्याचं काम दुसऱ्या डेंटरकडे द्यायचं, कारण ते त्यांना आवडत नाही आणि जमतही नाही. खास पाटीचा नाद सोडला. वडिलांच्या आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदत उलटलेली होती, पण उशिराचा दंड, फिटनेस आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी नव्याने होत होती. साधीच पाटी. ब्रेकच्या बाबतीत मात्र त्यांनी क्वालिटीवाल्याचा काटेकोरपणा तसाच ठेवला, आणि मीही त्याला हात लावला नाही. 'च' सगळीकडून काढायचा नसतो.

माझ्याकडून दोनच गोष्टी गेल्या. झालेलं काम खोडायचं नाही, त्यापुढे तारीख घालायची. आणि उठताना उद्याचा पहिला नट ठरवून पाना त्यावरच ठेवून यायचं. कव्हर उचललं की 'आता कुठून सुरू करू' हा प्रश्नच समोर यायला नको. प्रबंधवाल्या प्राध्यापिकेलाही मी हेच सांगते: दिवसाचं शेवटचं वाक्य अर्धवट सोडा.

पण खरा कलाटणीचा दिवस माझ्या खोलीत घडलाच नाही. चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदलून झाल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. हे एकट्याने जमत नाही. एकाने पॅडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी नट सैल करायचा. सीट तर नव्हतीच. मग बायको गाडीत पाटावर बसली, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर "दाब… धर… सोड" चाललं. चौथ्या चाकानंतर ती म्हणाली, "अहो, घट्ट झालं की हो हे!" ते सांगताना त्यांनी माझ्या टेबलाखाली पाय दाबून दाखवला. साडेतीन वर्षांत त्या गाडीतली ही पहिली वस्तू, जी चालू झाली होती.

म्हणून लांबलचक काम घेतलेल्या प्रत्येकाला माझा आग्रह असतो: एक तुकडा तरी असा निवडा, जो पूर्ण होऊन तुम्हाला उलट उत्तर देईल. वाड्याची एक खोली अशी करा की तिथे रात्री झोपता येईल. आणि शक्य असेल तर त्या तुकड्याला दुसऱ्या माणसाची गरज असू द्या. सोबतीला बसलेल्या माणसाला तुमची यादी दिसत नाही, त्याला फक्त पॅडल कळतं.

सोडून द्यायचा विषयही आम्ही मोकळेपणाने बोललो. गाडी तशीच विकली तर काय, हे मी त्यांना लिहून काढायला लावलं. घातलेला पैसा परत येणार नव्हता, विकली तरी आणि ठेवली तरी, म्हणून तो हिशेबातून काढला. उरलं ते एवढंच की पुढचे रविवार कशात घालवायचे. त्यांनी गाडी निवडली. वाडेवाल्या काकांनी वाडा विकला, आणि ते आता मजेत आहेत. दोन्ही उत्तरं मला सारखीच बरी वाटतात.

2024 संपलं तेव्हा एकतीसपैकी नऊ कामं बाकी होती. त्याबद्दल ते सहज बोलले.

गेल्या मार्चमध्ये दुपारी फोनवर एक फोटो आला. घाटाची कड, खाली तलावाचं पाणी. पद्मिनी उभी, बॉनेट उघडं, डावी दोन्ही दारं अजून राखाडी प्रायमरमध्ये. शेजारी बायको हातात डबा घेऊन बसलेली. खाली लिहिलं होतं, "मॅडम, तापली."