चित्ते ग्वाल्हेरला आले, मग मुलीने आफ्रिकेला कशासाठी जावे?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून प्राणिशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. तिच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांसाठी आफ्रिकेतील वन्यजीवांचा १२ दिवसांचा अभ्यासदौरा ठरत आहे. ऑगस्टमध्ये केनियातील मासाई मारा किंवा फेब्रुवारीत टांझानियातील सेरेंगेटीचा दक्षिण भाग, असे दोन पर्याय आहेत. खर्चासाठी आम्हाला मुदत ठेव मोडावी लागेल. तिचे आजोबा म्हणतात, चित्ते कुनोत आहेत, सिंह गीरमध्ये आहेत, मग समुद्र ओलांडण्याची गरज काय? मुलीचा जीव मात्र या दौऱ्यात अडकला आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आजोबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आलेले ८ चित्ते प्रथम आपल्या ग्वाल्हेरच्याच विमानतळावर उतरले आणि तेथून हेलिकॉप्टरने कुनोला गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२ आले, तेही याच वाटेने. त्याच्याही कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ग्वाल्हेरचे तत्कालीन राजे माधवराव महाराज शिंदे यांनी आफ्रिकेतील सिंह आणवून श्योपूरच्या जंगलात सोडले होते. म्हणजे आफ्रिकेचे प्राणी ग्वाल्हेरकरांच्या दाराशी एकदा नव्हे, अनेकदा येऊन गेले आहेत. परंतु प्राणी विमानातून आणता येतो. तो ज्या गवतावर, पावसावर, मातीवर आणि इतर शेकडो जिवांवर उभा असतो, ते सारे काही त्याच्याबरोबर आणता येत नाही. आपल्या मुलीला शिकायचे आहे ते हेच.

एक उदाहरण देतो. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना बुळकांडी हा शब्द ऐकताच आजही धडकी भरते. गुरांचा हा साथीचा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पोहोचला आणि त्याने तेथील गाईगुरांबरोबर विल्डबीस्ट (कळपाने राहणारी मोठी कुरंगे) आणि रानम्हशींचेही कळप धुऊन काढले. पुढे गावागावांतील गुरांना लस टोचण्यात आली, तसा जंगलातील जनावरांमधूनही रोग हटला, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाच्या अखेरीस १३ लाखांच्या घरात गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यामुळे वाळलेले गवत कमी उरले, त्यामुळे वणवे कमी लागले, आणि वणवे कमी झाल्यामुळे एरवी जळून जाणारी बाभूळवर्गातील रोपे तगून पुन्हा झाडे वाढू लागली. गुरांना टोचलेल्या सुईचा परिणाम झाडांपर्यंत पोहोचला! ही साखळी पुस्तकात पाच ओळींत संपते. पण खुरट्या गवताच्या त्या अफाट मैदानावर उभे राहिल्यावर तिचा आवाका जसा कळतो, तसा तो वर्गात कळत नाही. कुनो राष्ट्रीय उद्यान सुमारे ७४८ चौरस किलोमीटरचे आहे, तर एकट्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ वीसपट आहे.

आता दोन पर्यायांविषयी. माझे मत स्पष्ट आहे : फेब्रुवारी निवडावा. गवताच्या शोधात वर्षभर सेरेंगेटी आणि मारा यांच्यात फिरणारे विल्डबीस्टचे कळप ऑगस्टमध्ये मारा नदी ओलांडताना पाहण्यासाठी साऱ्या जगातून पर्यटक येतात आणि तो देखावा विलक्षण असतो, हे मी नाकारत नाही. परंतु मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा नदी ओलांडण्याच्या एका जागेच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची इतकी दाटी झाली की काठाशी आलेला कळप तासभर घुटमळून माघारी फिरला. त्या गाड्यांमध्ये आमचीही एक होती, याची मला आजही खंत वाटते. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये त्या दिवशी गाड्यांच्या संख्येपलीकडे फारसे काही उतरले नाही.

याउलट फेब्रुवारीत हेच कळप दक्षिणेच्या मैदानांवर वितात. तेथील माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. तिच्यातील कॅल्शियम आणि फॉस्फरस गवतात उतरतात आणि दुभत्या माद्यांना नेमके तेच हवे असते. बहुतेक सारी पिल्ले दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात, कारण एकाच वेळी इतकी पिल्ले आली की तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार? त्यांची भूक भागते आणि उरलेली बहुसंख्य पिल्ले वाचतात. आमच्या गाडीपासून पन्नासएक पावलांवर एक मादी व्यायली होती. पिल्लू ओलेचिंब, पाय काड्यांसारखे. ते उठले, नाकावर आपटले, पुन्हा उठले, मागचे पाय फाकले, पुन्हा बसले. एका विद्यार्थिनीने घड्याळ लावून ठेवले होते. सातव्या मिनिटाला ते चारही पायांवर स्थिर उभे राहिले, आणि थोड्याच वेळात आईच्या पोटाशी लागून धावू लागले. त्या मुलीने त्या सात मिनिटांत जे टिपले, ते मी तीस वर्षे फळ्यावर लिहूनही कोणाला तितके पटवू शकलो नव्हतो.

ठेव मोडण्याआधी मात्र आयोजकांकडून दिवसावार कार्यक्रम लेखी मागून घ्यावा. १२ दिवसांत पाच उद्याने दाखवणारा दौरा हा विद्यार्थ्यांचा दौरा नव्हे. त्यातील निम्मा वेळ रस्त्यावरच जातो. एका ठिकाणी सलग चार-पाच दिवस मुक्काम असावा, प्रत्येकाला खिडकी मिळावी म्हणून एका गाडीत सहाच विद्यार्थी असावेत, आणि रोज संध्याकाळी नोंदी तपासणारे शिक्षक बरोबर असावेत. या तीन गोष्टींना गुळमुळीत उत्तर मिळाले, तर ठेव तशीच राहू द्यावी आणि तो पैसा मुलीच्या एम.एस्सी.साठी ठेवावा, असे मी मनापासून सांगेन.

सुरक्षिततेविषयी आपण विचारले नसले, तरी आईच्या मनात ती शंका असतेच. वाहनातून न उतरणे आणि काळोख पडल्यावर तंबूतून एकटे बाहेर न पडणे, हे दोन नियम पाळणाऱ्याला प्राण्यांकडून सहसा धोका नसतो. डासांची काळजी अधिक घ्यावी लागते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्यापूर्वीच सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र हरवू देऊ नये, कारण पीतज्वराचा धोका असलेल्या केनियासारख्या देशातून ते न घेता परतणाऱ्याला भारतात ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. शिदोरीचा चिवडा-लाडू डब्यांत भरावा. केनियाने २०१७ पासून आणि टांझानियाने २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे.

आणि आजोबांसाठी एक विनंती. हिवाळ्यात नातीला घेऊन त्यांनी चंबळवर जावे. मुरैन्याजवळ देवरी येथे सुसरींची पिल्ले वाढवून नदीत सोडली जातात, तेही पाहावे आणि मग वाळूवर ऊन खात पडलेल्या सुसरींकडे दोन तास नुसते पाहत बसावे. ज्या मुलीला दोन तास एका सुसरीकडे पाहता येते, तिला सेरेंगेटीत काय पाहावे हे सांगावे लागत नाही. आणि जिला ते कंटाळवाणे वाटेल, तिच्यासाठी हा दौरा कदाचित एक वर्ष लवकर आहे.

प्रश्न : मीही याच दौऱ्याला जाणार आहे. कॅमेरा भाड्याने घ्यावा की दुर्बीण विकत घ्यावी? आणि नोंदी कशा ठेवाव्यात?
— एक विद्यार्थी, ग्वाल्हेर

उत्तर : दुर्बीण घ्या. ८×४२ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरेशी आहे. त्याहून मोठ्या शक्तीची दुर्बीण हलत्या गाडीत स्थिर राहत नाही. कपडे गडद निळे किंवा काळे नेऊ नका, कारण रक्त शोषणाऱ्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे ओढल्या जातात. नोंदींसाठी एकच कळप निवडा आणि दर दहा मिनिटांनी त्यातील किती जनावरे चरत आहेत, किती बसली आहेत आणि किती मान वर करून पाहत आहेत, एवढेच मोजा. तरस दिसण्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. वही आखीव आणि जाड पुठ्ठ्याची घ्या, आणि शाईऐवजी पेन्सिल वापरा. फेब्रुवारीत तेथे दुपारी अचानक सर येते.