लळा लागतो, जीव जडतो. ‘अटॅचमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला: “मानसशास्त्राच्या एम.ए.साठी एका इंग्रजी शोधनिबंधाचा सारांश मराठीत करते आहे. ‘अटॅचमेंट स्टाइल्स’ (जवळच्या माणसाशी जोडलं जाण्याच्या तऱ्हा) आणि ‘यंग अडल्ट्स’चे ‘अर्ली इंटिमेट एक्स्पीरियन्सेस’ यांचा संबंध, असा विषय. मी शीर्षक केलं, ‘तरुण प्रौढांमधील आसक्तीशैली आणि प्रारंभिक जिव्हाळ्याचे अनुभव’. मार्गदर्शक बाई वाचून नुसत्या हसल्या. नेमकं कुठे चुकलं?”

बाई बहुधा ‘जिव्हाळ्याचे अनुभव’ला हसल्या असाव्यात. मला तर ते वाचून आजोळची उन्हाळ्याची सुट्टी आठवली. इंग्रजी ‘इंटिमेट’ बैठकीच्या खोलीतही वावरतो आणि शेजघरातही. आपला जिव्हाळा शेजघराकडे फिरकत नाही. त्याला ‘जिव्हाळ्याचा प्रश्न’ चालतो, ‘जिव्हाळ्याचं नातं’ चालतं, पण पहिलं चुंबन त्याच्या कक्षेत येत नाही. दोन्हीकडे चालणारा मराठी शब्द आहे ‘जवळीक’. त्यालाही थोडा डाग आहे. गुन्ह्यांच्या बातम्यांत आरोपी नेहमी ‘जवळीक साधून’ काहीतरी करतो. तरी ‘लगट’ आणि ‘घसट’ यांच्यापेक्षा तो कितीतरी सोज्वळ. ‘सलगी’ गोड आहे, पण तिच्यात पायरी सोडल्याचा भाव आहे. ‘शरीरसंबंध’ नेमका आहे, मात्र निबंधात फक्त तेवढंच मोजलं असेल तरच वापरा. हात धरण्यापासून पुढचं सगळं मोजलं असेल तर ‘जवळिकीचे अनुभव’ म्हणा आणि कंसात काय काय मोजलंय ते एकदा मराठीतच लिहून मोकळ्या व्हा.

‘अर्ली’ मात्र खरोखर धोक्याचा आहे. मानसशास्त्रात ‘अर्ली एक्स्पीरियन्स’ म्हणजे बरेचदा बालपणातले अनुभव. घाईत कुणी ‘बालपणीचे लैंगिक अनुभव’ असं भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला तो बालकांच्या शोषणावरचा निबंध वाटेल. तुमचा ‘प्रारंभिक’ तितका घातक नाही, पण सरकारी आहे. प्रारंभिक चाचणी, प्रारंभिक अहवाल. आपल्याकडे ‘पहिलावहिला’ असा सुंदर शब्द असताना तो का टाळायचा? फक्त निबंधात ‘अर्ली’चा अर्थ ‘कमी वयात झालेला’ असा असेल तर ‘पहिलावहिला’ चालणार नाही. ते आधी तपासा.

‘तरुण प्रौढ’ तर ‘ओला दुष्काळ’सारखा कानाला अडखळतो. फरक इतकाच, की ओला दुष्काळ खरा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी 2000 साली 18 ते 25 या वयासाठी ‘उमलती प्रौढता’ अशा अर्थाचा वेगळा शब्दच काढला, म्हणजे इंग्रजीलाही हे वय नीट पकडता येत नव्हतं. मराठीत दशकं मोजायची सोय आहे: विशी, तिशी, चाळिशी. ‘विशीतली मुलं’ म्हटलं की काम झालं.

आता मुख्य शब्द. ‘आसक्ती’ हिंदी पाठ्यपुस्तकांतून आली की आपल्याच कोशातून, कुणास ठाऊक, पण ती इथे नको. आपल्या कानावर हा शब्द येतो तो कीर्तनातून आणि गीतेच्या निरूपणातून, आणि तिथे आसक्ती ही सोडायची गोष्ट असते. ती विषयांची असते, धनाची असते, देहाची असते. अटॅचमेंटचा सिद्धान्त मांडणाऱ्या जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाचं म्हणणं नेमकं उलट होतं. मूल ज्या माणसाला धरून राहतं, ते धरून राहणं त्याच्या जगण्याचीच गरज आहे, दुबळेपणा नव्हे. ‘सुरक्षित आसक्ती’ असं लिहिलंत की वारकरी वाचक गोंधळणार आणि विमा एजंट खूश होणार.

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचंही मूळ काही फार हळवं नाही. ‘अटॅच’ जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याच्या मुळाशी खुंटा आहे: खुंट्याला बांधणे. कायद्यात आजही अटॅचमेंट म्हणजे जप्ती. ऑफिसात ते ईमेलला जोडलेलं जोडपत्र. बोल्बींनी 1958 सालच्या निबंधाच्या शीर्षकात ‘अटॅचमेंट’ नव्हे, ‘टाय’ हा शब्द वापरला होता, मुलाचं आईशी असलेलं ‘टाय’. सरळ मराठीत बंध. 1969 साली त्यांच्या तीन खंडांतला पहिला खंड आला तेव्हा ‘अटॅचमेंट’ शीर्षकात जाऊन बसला आणि मग हललाच नाही.

लहान मुलाच्या बाबतीत आपल्याकडे याहून चांगला शब्द तयार आहे: लळा. आणि तो चांगला आहे तो त्याच्या व्याकरणामुळे. ‘मुलाला मावशीचा लळा लागला.’ मूल इथे कर्ता नाही. त्याने काही ठरवलं नाही, त्याला ते झालं, जशी भूक लागते, तहान लागते, ठेच लागते. मावशीने ‘लळा लावला’ असेल, पण लागला मुलालाच. दिशाही स्पष्ट: लळा लहानाला मोठ्याचा लागतो, किंवा वासराला माणसाचा. मोठ्याकडून लहानाकडे जाते ती माया. ‘आईला बाळाचा लळा लागला’ हे ऐकायला विचित्र वाटतं की नाही? हाच भेद इंग्रजीत पुस्तकं लिहून समजावावा लागतो: मुलाकडून आईकडे ती अटॅचमेंट, आईकडून मुलाकडे ते बाँडिंग. आपण तो लळा आणि माया यांत कधीचाच करून ठेवलाय.

बोल्बींच्या सहकारी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये माता-बालकांची निरीक्षणं केली. त्यांचा गाजलेला प्रयोग साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलांवरचा आहे. अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई. आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. आठ प्रसंग, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. आई गेल्यावर मूल किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर काय केलं, याला महत्त्व. इथे तुम्हाला मराठी क्रियापदं हवी तेवढी मिळतील. एक मूल बिलगतं, शांत होतं आणि पुन्हा खेळायला पळतं. दुसरं बिलगतं आणि त्याच वेळी हात झिडकारतं. रुसवा जातच नाही. तिसरं आईकडे बघतही नाही, खेळण्यात मान घालून बसतं. या तिन्ही गटांत न बसणाऱ्या मुलांसाठी मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी पुढे चौथा गट केला. त्याला ‘असंघटित’ म्हणतात. मी ‘सैरभैर’ म्हणेन. असंघटित हे कामगार असतात.

या प्रयोगातल्या हुरहुरीला तर तुकोबांचेच शब्द आहेत: “चुकलिया माये । बाळ हुरुहुरू पाहे”. आणि बोल्बी-एन्सवर्थ यांच्या सिद्धान्तातला ‘सिक्युअर बेस’ म्हणजे जिथून निघायचं आणि थकल्यावर जिथे परतायचं ती जागा. तिला ‘सुरक्षित तळ’ म्हणू नका, लष्करी वाटतं. मराठी बाईला त्यासाठी ‘माहेर’ पुरतं. वारकऱ्यांनाही पुरतं.

पण तुमचा निबंध विशीतल्यांचा आहे, आणि इथे लळा तोकडा पडतो. ‘तिला त्याचा लळा लागला’ म्हटलं की तो मांजराचं पिल्लू वाटतो. 1987 साली सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी लहानांकडून मोठ्यांकडे नेमकी हीच उडी मारली. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून त्यांनी विचारलं, की प्रेमात तुम्ही या तीन वर्णनांपैकी कोणत्या वर्णनासारखे? सुमारे 56 टक्क्यांनी सहज जवळ येणारं वर्णन निवडलं, 25 टक्क्यांनी अंतर राखणारं, 19 टक्क्यांनी धास्तीचं. एकेका परिच्छेदावर खूण करायची, एवढंच. पण त्यातून ‘लळा’ लहानपणातून उठून प्रेमात आला.

मोठ्यांसाठी मराठीत ‘जीव’ हा शब्द कामाला येतो. जीव जडतो, जीव लावला जातो, जीव गुंततो. तिन्ही वेगळे. ‘तिच्यावर जीव जडला’ यात पुन्हा ते आपोआप होणं आहे, जसा आजार जडतो, व्यसन जडतं. ‘त्याने जीव लावला’ यात कर्तृत्व आहे. ‘गुंतला’ म्हटलं की सुटायला त्रास होणार हे आलंच. शिवाय ‘जडणघडण’ आपण रोज वापरतो. त्यातली जडण कोंदणात खडा जडवण्याची असली तरी क्रियापद तेच. जडतं आणि घडतं, एका दमात.

पण प्रबंधात पानोपानी ‘जीव जडणे’ कसं लिहिणार? एक नामच हवं. माझं मत ‘अनुबंध’ला. हिंदीत त्याचा अर्थ करार होतो, ते आपल्याला बाधत नाही. ‘बंध’ आहे, म्हणजे बोल्बींचा पहिला ‘टाय’ही आला, आणि ‘अनु’ आहे, मागून येणारा, पाठोपाठचा. धोका एकच: मराठी कानाला अनुबंध म्हटलं की आधी ‘ऋणानुबंध’ ऐकू येतो, मागच्या जन्मीचं देणं, न टळणारं. संशोधन असं म्हणत नाही. मिनिआपोलिसमध्ये 1970च्या दशकात सुरू झालेल्या एका अभ्यासात मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. 2007 साली जेफ्री सिम्प्सन आणि सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं, की वर्षाच्या वयातला लळा आणि विशीतलं प्रेमातलं वागणं यांत दुवा आहे, पण तो टप्प्याटप्प्यांनी जातो: आधी शाळेत सवंगड्यांशी जमणं, मग सोळाव्या वर्षीची मैत्री, मग प्रेम. मधल्या कुठल्याही टप्प्यावर वाट वळू शकते. त्यामुळे ‘स्टाइल’ला ‘स्वभाव’ म्हणू नका. ‘शैली’ही नको, ती लेखकाची आणि फलंदाजाची. ‘अनुबंधाची रीत’ किंवा ‘तऱ्हा’ चालेल.

आता तऱ्हांची नावं. प्रयोगातली बिलगून पुन्हा खेळायला पळणारी मुलं ‘सिक्युअर’, रुसवा न जाणारी ‘अँक्शस’, आईकडे न बघणारी ‘अव्हॉयडंट’. ‘सिक्युअर’ला ‘सुरक्षित’ म्हणायचा मोह तुमच्या निबंधात तर पूर्णच टाळा. ‘सुरक्षित तरुणांचे पहिले शरीरसंबंध’ हे वाचून वाचक कंडोमचा विचार करणार, आणि त्याची काही चूक नाही. ‘निर्धास्त’ घ्या. मग ‘अँक्शस’ आपोआप ‘धास्तावलेला’ होतो आणि जोडी जुळते. ‘चिंताग्रस्त’पेक्षा हे बरं, कारण इथली चिंता साऱ्या जगाची नाही, एकच आहे: हा मला सोडून तर जाणार नाही ना? ‘अव्हॉयडंट’ला ‘अलिप्त’ सुचेल, पण अलिप्तपणा आपल्याकडे गुण आहे, कमळाच्या पानाचा आणि नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाचा. ‘टाळणारा’ अपुरा, काय टाळणारा? मला ‘हातचं राखणारा’ आवडतो. तो प्रेम करतो, पण हातचं राखून. किम बार्थोलोम्यू यांनी 1991 साली यातच दोन पोटभेद केले: ‘मला कुणाची गरज नाही’ म्हणणारे, आणि हवं तर आहे पण भीती वाटते असे. दुसऱ्यांना ‘बिचकणारे’ म्हणा.

हे शब्द घेऊन निष्कर्ष लिहून बघा, वाक्यं सरळ होतात. धास्तावलेली मुलंमुली स्वतःला तितकीशी इच्छा नसतानाही जवळीक मान्य करतात, समोरचा दुरावू नये म्हणून. हातचं राखणारी एकतर पहिलावहिला अनुभव लांबणीवर टाकतात, नाहीतर शरीराने जवळ येतात आणि मनाने नाही. निर्धास्तांना जवळीक नात्याच्या आत सुखाची वाटते. अभ्यासांमधला एकूण सूर असा आहे. टक्केवारी तुमच्या निबंधातलीच द्या.

शेवटी, तुम्ही न विचारलेला शब्द. निबंधात ‘पार्टनर’ असणारच, आणि कोशात बघून तुम्ही ‘जोडीदार’ लिहिणार. मराठीत जोडीदार शोधायला वधूवर सूचक मंडळात जातात. लग्नाआधीच्या नात्यासाठी आपल्या बोलीतले शब्द बघा: प्रकरण, भानगड, लफडं. एकही असा नाही की तो प्रश्नावलीत छापावा. एकच सभ्य क्रियापद आहे, ‘जुळणं’, पण त्याला नाम नाही. म्हणून पार्टनर देवनागरीत तसाच राहू द्या. पुढे कधी मराठीत प्रश्नावली केलीत तर आधी कॉलेजच्या कट्ट्यावर चौघांना वाचून दाखवा. ‘तुमचा जोडीदार’ म्हटल्यावर कुणी “अहो, माझं लग्न कुठे झालंय अजून?” म्हणालं, तर तो शब्द तिथेच खोडा.