'यस्टरडे' आलं की 'हॅव' काढ
तुझं 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे वाक्य वाचलं. 'यस्टरडे'सोबत 'हॅव सीन' (म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, 'हॅव/हॅज'वाला काळ) चालत नाही. ही चूक आपल्याकडून हमखास होते, कारण मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' अगदी सहज चालतं. इंग्रजीत मात्र यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच: 'आय सॉ हिम यस्टरडे.'

जस्ट, ऑलरेडी, नेव्हर हे हॅव आणि क्रियापदाच्या मधे बसतात. 'शी हॅज जस्ट लेफ्ट', म्हणजे ती आत्ताच गेलीये. 'येट' बहुतेक वेळा शेवटी, नकारात किंवा प्रश्नात.

याच 'हॅव'वाल्या काळात येणाऱ्या सिन्स आणि फॉरला मात्र वेळ दे. '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून', दोन्हीकडे आपण 'पासून'च म्हणतो, तिथेच घोळ होतो. सुरुवात सांगायची तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर.