ल्युपस नेफ्रायटिसमध्ये ईएसआर ८० पण सीआरपी नॉर्मल, मग किडनीला सूज आहे की नाही?

तुमच्या बहिणीचा रिपोर्ट बघून गोंधळ होणं साहजिक आहे, पण ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजारात, असं खूपदा दिसतं. ल्युपस नेफ्रायटिस म्हणजे त्यातून किडनीला येणारी सूज, आणि ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. आजार भडकला तरी सीआरपी बऱ्याचदा फारसा वाढत नाही, उलट तो एकदम चढला आणि सोबत ताप असेल तर आधी इन्फेक्शन शोधावं लागतं, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतात ना. ईएसआरवर पण एकट्यावर जाऊ नका, हिमोग्लोबिन कमी असलं किंवा लघवीतून प्रोटीन जात असलं तरी तो वाढतो.

खरं बघायचं ते सी३, सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रोटीन्स) आणि अँटी डीएसडीएनए (आपल्याच डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी). अँटीबॉडीचे गठ्ठे किडनीच्या गाळणीत अडकतात आणि तिथे कॉम्प्लिमेंट खर्ची पडतं, म्हणून सी३ सी४ घसरतात. माझ्या मावशीच्या फाईलमध्ये सी३ ९५ वरून ५२ वर आला होता आणि त्याच आठवड्यात सकाळच्या लघवीला साबणासारखा फेस यायला लागला, म्हणजे लघवीतून प्रोटीन जात होतं.

म्हणून रक्तासोबत लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो कराच, ०.५ च्या वर गेला तर नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार करतात. आणि प्लीज, सीआरपी नॉर्मल आला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू देऊ नका तिला.