तुम्ही विचारा : भाच्याला पुरस्कार भेटलाय, कार्यक्रमाला जाताना काय न्यावं?

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या भाच्याच्या कथासंग्रहाला परभणीत पुरस्कार जाहीर झालाय. आम्ही जिंतूर तालुक्यातले शेतीवाले, असल्या कार्यक्रमाला घरातलं कोणी कधी गेलेलं नाही. बहीण म्हणते मोठा हार नेऊ, पोरगं म्हणतंय काहीच आणू नका. पत्रिकेत संध्याकाळी ५ छापलंय, मग परतीची गाडी भेटेल का? आणि दाजींचं अजून एकच चालू आहे, लिहून काय भेटतंय, नोकरीकडं बघ. त्यांना न्यावं का नको? (एक मामा)

उत्तर : मामा, आधी अभिनंदन. जाच तुम्ही, आणि दाजींना तर नक्कीच न्या.

हार मात्र नको. स्टेजवर काय होतं सांगते, शाल खांद्यावरून घसरत असते, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात स्मृतिचिन्ह, पाकीट कुठं ठेवावं कळत नाही, फोटोवाला म्हणतो सर इकडं बघा आणि तेवढ्यात कोणीतरी बुके घेऊन वर चढतं. म्हणून एक मोठी कापडी पिशवी न्या आणि घरातल्या एकाला पुढच्या रांगेत कडेला बसवा, फोटो झाले की सामान लगेच त्याच्याकडं, कारण मनोगताला हात मोकळे लागतात. काही द्यायचंच असेल तर हॉलच्या बाहेर पुस्तकांचं टेबल असतं बहुतेक, तिथं भाच्याच्याच पुस्तकाच्या चार प्रती विकत घ्या, फुकट मागू नका, त्याला याच्याएवढा आनंद कशाचाच होणार नाही. घरच्यांनी सोडून सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं असतं हे मी लई ठिकाणी बघितलंय, तर निदान एक कथा तरी जाताना गाडीत वाचून घ्या.

५ म्हणजे सहा-साडेसहा धरा, पाहुणे कुठून येताहेत त्यावर आहे सगळं. मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मानपत्राचं वाचन. आपल्याकडचे बरेच पुरस्कार कोणीतरी आई-वडिलांच्या नावानं ठेवलेले असतात, बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर चालतात, त्यामुळं त्या घरच्यांचेही सत्कार होतात, कंटाळा येतो पण पैसे त्यांचे आहेत, बसायचं. आणि रक्कम किती हे तिथं चारचौघांत विचारू नका, साहित्य अकादमीचा पुरस्कारसुद्धा १ लाखाचाच असतो, मग जिल्ह्यातल्या पुरस्काराचं काय घेऊन बसलात!

खरी गडबड पुरस्कार दिल्यानंतर होते. फोटो झाले की नातेवाईक उठतात, अर्धा हॉल चहाकडं जातो आणि लेखकाचं मनोगत असतं त्याच्या नंतर. ज्याच्यासाठी आलो तोच बोलायला लागला की आपण बाहेर कपबशी धरून उभे, हे मला काही पटत नाही. मनोगत पूर्ण ऐका. गाडीची घाई असेल तर त्यानंतर, पाहुण्यांच्या भाषणाआधी टाळ्या चालू असताना निघा, कोणी वाईट वाटून घेत नाही. जिंतूरची शेवटची बस किती वाजता आहे ते परभणीत उतरल्या उतरल्या स्टँडवरच विचारून ठेवा, नाहीतर येतानाच चार जणांत गाडी करा.

आता दाजी. त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही, आपल्याकडं लिहिण्यावर घर चालत नाही. पण नोकरी बघ म्हणजे लिहिणं सोड असं काहून? परभणीचेच बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकुनी करत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले, १९५३ ला गेले तेव्हा चाळिशीचेच होते. आसाराम लोमटे पण परभणीचेच, पत्रकारिता करत कथा लिहिल्या आणि २०१६ ला कथासंग्रहासाठी साहित्य अकादमी मिळवलं. हे दाजींना आधी घरी ऐकवू नका, वाद होईल. त्यांना फक्त पुढं बसवा, आणि ती पिशवी त्यांच्याकडंच द्या.