काओलिनाइट जास्त असलेली भाजलेली माती घेऊनही काँक्रीट लवकर का घट्ट होतं?

काओलिनाइट म्हणजे चिनी मातीतलं मुख्य खनिज; ते असलेली माती भाजून सिमेंटमध्ये मिसळतात. ७० टक्के काओलिनाइटची माती ४५ टक्केवालीपेक्षा महाग, मग तिचंच काँक्रीट तुर्भ्याहून दादरला पोचेपर्यंत स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, का घालवतं, असं तुम्ही विचारलंय. घालवणारच. ताकद काओलिनाइटवर ठरते. स्लम्प मात्र इतरही बऱ्याच गोष्टींवर.

काओलिनाइट ७०० ते ८५० अंशांना भाजलं की बांधलेलं पाणी जातं, स्फटिकरचना मोडते आणि मेटाकाओलिन बनतं. ते सिमेंटमधल्या चुन्याशी भिडतं, त्यातलं ॲल्युमिना चुनखडीच्या भुकटीशीही जुळतं. म्हणूनच एलसी-३ मध्ये, म्हणजे भाजलेली माती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटमध्ये, क्लिंकर (भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ घटक) निम्म्यावर येतो. पण माती ४० टक्क्यांची असली तरी सात दिवसांत ओपीसीची, म्हणजे साध्या सिमेंटची, बरोबरी होते. ६५ च्या पुढे पैसे वाढतात, ताकद नाममात्र. भट्टी ९५० च्या वर गेली तर मात्र माती मेलीच समजा.

आता पाणी. फ्लाय ॲशचे (कोळशाच्या वीजकेंद्रातल्या राखेचे) कण गोल असतात, मेटाकाओलिनचे चपटे पापुद्रे, आणि पृष्ठभाग प्रचंड. पाणी आणि पीसीई (काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) दोन्ही तिथेच चिकटतात. दळण्याचाही घोटाळा असतो: क्वार्ट्झ किंवा क्लिंकरसोबत दळलं की मऊ माती आधी पीठ होते, कठीण कण जाडच राहतात. टक्केवारीत सुपारीएवढाही फरक नसलेल्या दोन माती मिक्सरमध्ये अगदी वेगळ्या वागतात त्या यामुळे. थापी फिरवताना मिक्स चिकट लागतं, स्लम्प मोजायचा कोन उचलल्यावर सावकाश बसतं. जिप्सम कमी पडलं तर ॲल्युमिनामुळे ते आणखी लवकर घट्ट होतं.

सप्लायरकडून नुसती टक्केवारी घेऊ नका. टीजीए (काओलिनाइट किती), बीईटी (पृष्ठभाग किती) आणि आर-३ (माती किती क्रियाशील) या चाचण्यांचे आकडे मागा. ट्रायलला स्लम्प ०, ३०, ६०, ९० मिनिटांना बघा, तोही दुपारच्या उन्हात. पीसीईचा काही डोस साइटवर द्यायला राखून ठेवा. सायनच्या ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हरने ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला की सगळं मुसळ केरात. क्लोराइड रोखण्यात एलसी-३ चांगलं आहे, समुद्राकाठच्या कामात तोच तर खरा फायदा; वरून ओतलेलं पाणी तो फायदा खाऊन टाकतं.

गुलाबी रंगाला घाबरू नका, तो लोहामुळे. बिल्डर कुरकुरेल, पण त्याचा ताकदीशी संबंध नाही.