रूममेटच्या कानाला हेडफोन का आहेत?

ताई,
कॉलेज संपल्यावर नोकरीसाठी या मोठ्या शहरात आले, त्याला सात महिने झाले. चार वर्षं होस्टेलवर काढली आहेत, म्हणजे घरापासून लांब राहणं मला नवीन नाही. तरी इथे संध्याकाळ झाली की छातीत दाटून येतं. ऑफिसात बरी असते, खोलीवर आले की रडू कोसळतं. इथे कुणाला कुणाशी देणंघेणं नाही. शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही. रूममेट आहे, पण ती कायम कानाला हेडफोन लावून असते. आईच्या आधाराने दिवस काढते आहे. खोलीवर आले की व्हिडिओ कॉल लावते, तो झोपेपर्यंत चालूच असतो, बोलणं नसलं तरी. नोकरी चांगली आहे, पण सोडून घरी परत जावंसं वाटतं. होस्टेलवर रमलेल्या मुलीला हे असं का व्हावं? मी कमकुवत आहे का?
– हरवलेली, वय २३

हरवलेली,

शहराविषयी तू बरंच लिहिलंस, स्वतःविषयी लिहिलंस, आणि रूममेटला एका वाक्यात निकालात काढलंस. मला त्या एका वाक्याविषयीच बोलायचं आहे.

ती कायम कानाला हेडफोन लावून असते. का असते, हा प्रश्न सात महिन्यांत तुला एकदाही पडला नाही? उत्तर तुझ्याच पत्रात आहे, दोनच वाक्यं पुढे. तू खोलीवर येतेस, फोन उभा करून ठेवतेस, आणि तिथपासून झोपेपर्यंत तुझं अख्खं घर त्या खोलीत येऊन बसतं. भांड्यांचे आवाज, टीव्ही, मधेच कुणाची तरी हाक. समज, साडेसातला सुरू होतं आणि साडेदहाला थांबतं. रोजचे तीन तास. त्या खोलीचं अर्धं भाडं भरणाऱ्या मुलीने या तीन तासांत काय करायचं? तिने फोनवर मोकळं बोलायचं नाही, कारण तुझी आई ऐकते आहे. कपडे बदलायचे तर बाथरूममध्ये जायचं, कारण कॅमेरा चालू आहे. तुझ्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले तर कॉल संपायची वाट बघायची, आणि तो संपतो तेव्हा तू झोपायला निघालेली असतेस. तिने कान बंद करून घेतले. तुझ्याविषयी तीही आपल्या घरी हेच सांगत असेल, की रूममेट आहे, पण तिला माझ्याशी काही देणंघेणं नाही.

तेव्हा माझं सांगणं एकच: तो कॉल आजपासून खोलीबाहेर ने. नोकरी सोडायची की नाही हा विचार त्यानंतर.

तू कमकुवत अजिबात नाहीस. होस्टेलवर रमलीस आणि इथे नाही, याचं कारण तुझ्या स्वभावात शोधू नकोस, वेळापत्रकात शोध. होस्टेलवर जेवणाची वेळ ठरलेली, वर्ग ठरलेले, परीक्षा सगळ्यांच्या एकदम. रोज चार-पाच तास त्याच त्या मुलींबरोबर जायचे आणि त्यासाठी तुला बोटही हलवावं लागत नव्हतं. शिवाय पहिल्या वर्षी सगळ्यांनाच एकाच वेळी घरची आठवण येत होती, त्यामुळे रडायलाही सोबत होती. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ साली याचा हिशेब मांडला. नुकतंच नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना त्याने नव्या ओळखींविषयी विचारलं. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, नीट मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवाभावाची व्हायला २०० च्या वर. तुझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: एकत्र काम करताना गेलेले तास यात फारसे धरता येत नाहीत. गप्पा मारण्यात, काम नसताना एकमेकांबरोबर घालवलेले तास खरे. ऑफिसात तू बरी असतेस आणि तरी खोलीवर एकटी येतेस, ते यामुळे. दिवसाचे नऊ तास माणसांत काढूनही तुझ्या खात्यावर फार थोडं जमा होतं.

आता तुझा हिशेब कर. रोज तीन तास, सात महिने. सहाशेहून जास्त तास तू आणि ती मुलगी एका खोलीत बसला आहात, आणि त्यातले मैत्रीत धरावेत असे किती निघतील? मला हे वाचताना फार वाईट वाटलं.

लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये एका विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कुणाचे मित्र झाले, याचा स्वभावापेक्षा दारांशी जास्त संबंध निघाला. अगदी शेजारच्या दारातल्याशी मैत्री होण्याचं प्रमाण एक दार सोडून राहणाऱ्याच्या जवळपास दुप्पट होतं. तुमच्या दोघींत तर दारही नाही. शहरभर माणसं शोधायला निघण्याआधी चार हातांवरची व्यक्ती बघ.

कॉल कसा हलवायचा ते सांगते. व्हिडिओ बंद, नुसता आवाज. वीस मिनिटं. ऑफिसातून खोलीकडे चालत येताना किंवा जिन्यात, गच्चीवर, कुठेही, पण खोलीच्या दाराबाहेर. वेळ रोजची एकच ठेव, म्हणजे आईला वाट बघता येईल आणि तुला उरकताही येईल. 'मी खोलीपाशी पोचले की ठेवते' हे फोन लावतानाच सांग. शेवट आधी ठरलेला असला की दोघींनाही ठेवणं सोपं जातं. न ठरवता बोलत बसलीस, तर आठवड्याभरात वीस मिनिटांची पन्नास होतील आणि तू बोलत बोलत दार उघडून आत जाशील. सगळ्यांचं इथेच फिसकटतं.

व्हिडिओ का नको, तेही समजून घे. बोलणं होऊन गेल्यावरही पडदा चालू असतो, तेव्हा तुला घर दिसतं, ऐकू येतं, आणि तिथलं काहीच हाताला लागत नाही. शरीर एका खोलीत, लक्ष दुसरीकडे, असे तीन तास. मग लाल बटण दाबलं की घर एकदम नाहीसं होतं, तेही झोपायच्या तोंडावर, जेव्हा मन आधीच हळवं असतं. ज्याला तू आधार म्हणतेस, तो तुला रोज रात्री नव्याने घर सोडायला लावतो आहे.

आईचं बोलायला हवं. आईवरची तुझी माया मला समजते, पण या बाबतीत मी तिची बाजू घेणार नाही. लेक नव्या शहरात सात महिने रोज संध्याकाळी एकाच जागी बसून आहे, हे तिला पडद्यावर दिसत होतं. 'जा, जरा बाहेर फिरून ये' म्हणणं तिचं काम होतं. तिलाही तुझ्या सोबतीची सवय झाली आहे, म्हणून ती म्हणाली नाही. तर हे तूच सांग, सुट्टीच्या दिवशी, सकाळी, कॉलच्या सुरुवातीलाच. रात्री ठेवता ठेवता सांगितलंस तर ती रात्रभर काळजी करेल. 'आई, संध्याकाळी माझ्यामुळे रूममेटला त्रास होतो, म्हणून आता चालताना फोन करत जाईन,' एवढं पुरे. 'काय बिनसलंय का?' असं ती विचारेलच. 'काही नाही' म्हण आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला न चुकता फोन कर. दोन-तीन दिवस वेळ पाळलीस की तिची धाकधूक कमी होईल.

पहिला आठवडा जड जाणार आहे. आजवर कॉलने झाकलेली संध्याकाळ उघडी पडेल, त्यामुळे रडू वाढेलही. ते वाढलं म्हणून उपाय चुकला असं समजू नकोस. मात्र ती पोकळी रील्सने भरू नकोस आणि साडेनऊच्या आत अंथरुणात शिरू नकोस. हाताला काम दे: कपड्यांच्या घड्या, कपाट आवरणं, उद्याच्या डब्याची तयारी. आणि तू हेडफोन लावायचे नाहीत.

रूममेटशी पहिल्याच दिवशी बोल. माफीचं भाषण नको, ती अवघडून जाईल. 'इतके दिवस माझ्या कॉलने तुला त्रास झाला असणार. आता मी बाहेर बोलून येत जाईन.' बस. ती 'नाही गं, काही नाही' म्हणाली तरी तुझं ठरलेलं मोडू नकोस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचार, 'मी आठला जेवायला बसते आहे, येतेस?' वेळ सांगून विचारायचं. 'कधीतरी एकत्र जेवू या' म्हटलं की दोघी होकार देतात आणि कुणीच उठत नाही. आठवड्यातून चार दिवस तासभर एकत्र बसलात, तर हॉलच्या हिशेबाने ५० तास व्हायला तीन महिने लागतात. म्हणून पंधरा दिवसांत 'हिचं-माझं जमत नाही' असा निकाल देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र वेगळी. कॉल हलवल्यावरही सलग दोन आठवडे झोप येत नसेल, अन्न जात नसेल, ऑफिसातही लक्ष लागेनासं झालं असेल किंवा जगणंच नको वाटलं, तर ते घरची आठवण म्हणून सोडून देऊ नकोस. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेट. शेवटचं लक्षण दिसलं तर दोन आठवडे थांबूही नकोस, त्याच दिवशी कुणाला तरी सांग.

आणि रूममेट पहिल्यांदा 'आज नको' म्हणाली, तर दोन दिवसांनी पुन्हा विचार. सात महिने तिला तुझ्याकडून एकही प्रश्न आलेला नाही. तिला विश्वास बसायला वेळ लागणारच. तीनदा नाही म्हणाली, तर शेजारचं दार वाजव. तिथे कोण राहतं हे तुला अजून माहीत नाही, असं तूच लिहिलं आहेस.